कडेचे सात मिलिमीटर

भेटीच्या खोलीत कात्री एकच होती. लाल मुठीची, बोथट टोकाची, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली. सुतळी हातभरच लांब असल्यामुळे कात्री कागदाकडे जात नसे, कागद कात्रीकडे न्यावा लागे. दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. धारदार वस्तू आणू नये. सुई आणू नये. मुलासमोर दुसऱ्या पालकाविषयी बोलू नये. मुलाला जबरदस्तीने जवळ घेऊ नये. भेटीची वेळ अकरा ते एक.

कागद तिरका लागला होता. पहिल्या शनिवारी बाइंडर आत आला तेव्हा त्याने मुलीकडे बघण्याआधी त्या कागदाकडे बघितलं. कोपऱ्यात बसून नोंदी करणाऱ्या मॅडमनी वहीत पहिली ओळ हीच लिहिली.

बाइंडर एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. एकवीस वर्षं. तिथे त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे गुण्या म्हणत. सुतार आणि गवंडी काटकोन तपासायला जे लोखंडी हत्यार वापरतात ते गुण्या, आणि हा माणूस तेच काम नुसत्या डोळ्यांनी करायचा. पुस्तकांची थप्पी समोरून ढकलत नेली तरी त्यातलं कुठलं केसभर तिरकं आहे ते सांगायचा. छापखान्यात या नजरेला मान होता.

घरात त्याच नजरेचा जाच झाला. चार वर्षांपूर्वी बायको तीन वर्षांच्या मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. मारहाण नव्हती, दारू नव्हती. कोर्टात तिने सांगितलं ते असं: "माणूस वाईट नाही, साहेब. मी चादर घातली की हा उठून परत घालतो. मी भांडी लावली की हा परत लावतो. बोलत काही नाही, नुसतं परत करतो. नऊ वर्षांत माझ्या हातून त्या घरात एक काम पुरं झालं नाही." साहेबांना जरा हसू आलं होतं. तिला आलं नव्हतं.

मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिला बापाची सवय उरली नाही. म्हणून आदेश निघाला तो असा: बारा शनिवार या खोलीत, मॅडमसमोर. तेरावा शनिवार बापाच्या घरी, तीन तास, मॅडम सोबत. मग मुलीला विचारायचं. ती हो म्हणाली तर दर शनिवारी दुपारी ती बापाकडे जाईल आणि रविवारी संध्याकाळी परत येईल. नाही म्हणाली तर वर्षभर हीच खोली. बाइंडरला आदेशाची ती दोन पानं पाठ होती.

मुलीला सगळे ठमी म्हणत. पहिल्या शनिवारी ठमी दाराजवळच्या खुर्चीत दप्तर मांडीवर घेऊन बसली ती उठलीच नाही. दीड तासाने तिने विचारलं, "तुम्हाला किती वाजता जायचंय?"

"एक वाजता," बाइंडर म्हणाला.

"मला पण."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

बाइंडरला मुलांना खेळवता येत नव्हतं. गोष्ट सांगायला लागला की राजाचा वाडा गावापासून नेमका किती लांब होता इथेच त्याचं घोडं अडायचं. त्याला कागद येत होता. दुसऱ्या शनिवारी तो बुटांचं रिकामं खोकं, छापखान्यातली रंगीत कात्रणं आणि एका डबीत खळ घेऊन आला. मॅडमनी डबी उघडून वास घेतला.

"काय आहे हे?"

"खळ. मैदा आणि पाणी, शिजवलेलं. पोटात गेली तरी काही होत नाही."

"जाईलच असं धरून चाललात, हे बरं केलंत," मॅडम म्हणाल्या आणि डबी परत दिली.

खोक्याचं घर करायचं ठरलं. भिंतींना लावायचे कागद त्याने घरूनच मापात कापून आणले होते. ठमीने ते बघितले, उलटेसुलटे केले आणि खाली ठेवले. "मी काय करू मग?" तिने विचारलं. त्याने खोकं फिरवून बघितलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दार राहिलंय." ती खोकं घेऊन कात्रीपाशी गेली, जमिनीवर बसली आणि बोथट कात्रीने पंधरा मिनिटं खोक्याच्या भिंतीशी झटापट करून तिने दार कापलं. दार खाली रुंद आणि वर निमुळतं झालं. बंद होईना.

बाइंडर पुढे वाकला. "जरा इकडे दे, एवढं—"

ठमीने खोकं मागे घेतलं.

तिसऱ्या शनिवारी कागदाची घडी घालून एकमेकांचे हात धरलेल्या माणसांची माळ कापायची होती. भेट संपल्यावर मॅडमनी त्याला थांबवून घेतलं. वही उघडून त्यांनी आकडा वाचला. "दोन तासांत तुम्ही तिला एकोणीस वेळा 'असं नाही, असं' म्हणालात. कौतुक किती वेळा केलंत, विचारा."

"किती?"

"मी पण शोधतेय." मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, माझं काम नोंद करायचं आहे, सल्ला द्यायचं नाही. पण तिचं वाकडं असेल तर वाकडं राहू द्या. तिला विचारणार आहेत, तुम्हाला नाही."

बाइंडर शब्द पाळणारा माणूस होता. चौथ्या शनिवारपासून तो दोन्ही तळहात मांडीखाली घेऊन बसू लागला. ठमीने अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट केला, त्याला एका बाजूला पाच पाय आणि दुसऱ्या बाजूला आठ लावले. तो बघत राहिला. तिने जुन्या मोज्याची बाहुली केली आणि डोळ्यांची बटणं एक कपाळावर, एक गालावर चिकटवली. तो म्हणाला, "छान." तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर येताना त्याच्या मानेची शीर ताठ झाली, पण आला. मॅडमनी लिहून घेतला.

सहाव्या शनिवारी ठमीने दप्तर दाराजवळ ठेवलं आणि ती जमिनीवर त्याच्या शेजारी येऊन बसली. सातव्या शनिवारी खळीने बरबटलेली बोटं त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "बाबा, पूस ना रे." त्याने रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं.

केलेल्या वस्तू त्याच्याकडेच राहायच्या. मावशीच्या घरी रांगतं बाळ होतं, ते हाताला लागेल ते तोंडात घाली आणि उरलं तर फाडी.

"तुझ्याकडे शेल्फ आहे?" ठमीने विचारलं होतं.

"आहे."

"पडणार नाही ना?"

"माझं शेल्फ? भूकंप झाला तर भिंत पडेल."

ती हसली. "मग तिथे ठेव. सगळं ठेव. मी आले की बघीन."

दर शनिवारी दुपारी तो वस्तू घरी नेई आणि शेल्फवर मांडी. जेवून झालं की समोर बसून बघत राही. मग उठे. खोक्याच्या घराचं दार त्याने पहिल्याच आठवड्यात काढलं, चौकट सरळ कापून कापडी बिजागरी लावून परत बसवलं. आता ते बंद होत होतं. माळेतल्या माणसांचे लांब-आखूड पाय एका रेषेत आणले. सुरवंटाचे तीन पाय काढले. बाहुलीचे डोळे उसवून, म्हणजे आधी भिजवून, सोलून, समोरासमोर लावले. खोलीत तो हात मांडीखाली ठेवत होता, ते हात घरी येऊन मोकळे होत होते. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. कच्चं चिकटवलेलं टिकत नाही. मुलीच्या वस्तू टिकाव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते खरं होतं.

दहाव्या शनिवारी ठमीने विचारलं, "तू बांधतोस ती सगळी पुस्तकं वाचतोस?"

"एकही नाही."

"मग काय बघतोस त्यात?"

"कडा."

"नुसत्या कडा?"

"आधी कड. हातात पुस्तक आलं की माझी नजर तिथेच जाते. बाकीचे लोक मधलं बघतात."

ठमीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने पुढच्या शनिवारी पुस्तक करायचं जाहीर केलं.

अकराव्या शनिवारी पुस्तक झालं. चोवीस पानं, जाडसर, पिवळट कागदाची. भोकं त्याने घरून पाडून आणली होती, सुईच्या ऐवजी बुटाची नाडी होती, तिला पुढे प्लॅस्टिकचं टोक असतंच. ठमीने नाडी ओवली, ओढली, गाठ मारली. पानं तिनेच दुमडली होती, त्यामुळे एक पान बाहेर, एक आत, असं झालं. ती म्हणाली, "हे मी घरी नेणार. बाळाला हात लावू देणार नाही. मला यात एक करायचंय."

"काय करायचंय?"

"सांगितलं तर मग काय उरलं?"

बाराव्या शनिवारी तिने ते परत आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून दोन रबर लावून. खोलीतला तो शेवटचा शनिवार होता आणि ती दोन तास नुसती बोलत होती. शाळेतल्या बाईंचं नाक, मावशीचं घोरणं, बाळाने खाल्लेला खडू. मॅडमसुद्धा दोनदा लिहायच्या थांबल्या. निघताना तिने पुडकं त्याच्या हातात दिलं.

"हे उघडायचं नाही. मी तुझ्या घरी येईन तेव्हा दोघं मिळून उघडायचं. शब्द दे."

"दिला."

"एक पान पण नाही."

"एक पान पण नाही."

घरी आल्यावर त्याने वर्तमानपत्र काढलं, कारण वर्तमानपत्राची शाई लागते. पुस्तक मिटलेलंच शेल्फवर उभं ठेवलं. उघडलं नाही. पण मिटलेल्या पुस्तकाची कड दिसतेच. चोवीस पानं चोवीस ठिकाणी संपत होती. सोमवारी त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मंगळवारी परत वळवलं. शुक्रवारी सकाळी ते पिशवीत घालून तो कामावर गेला.

छापखान्यात कापायचं मशीन मामा चालवायचे. तीस वर्षं मशीनवर होते, दहाही बोटं शाबूत होती आणि ती ते नव्या माणसाला आधी दाखवायचे. छापखान्याचा एक रिवाज होता: बांधून झालेलं पुस्तक तिन्ही बाजूंनी कापल्याशिवाय बाहेर जात नसे. न कापलेलं पुस्तक म्हणजे न विंचरलेलं डोकं, असं मामा म्हणत.

त्यांनी पुस्तक हातात घेऊन फिरवलं. "हे कुणाचं ध्यान?"

"मुलीने केलंय. उद्या येतेय घरी."

"उद्या येतेय! आणि हा सांगतोय आत्ता, मान खाली घालून." मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघू तरी, काय लिहिलंय पोरीने."

"उघडू नका. शब्द दिलाय."

"कापायला चालतं आणि उघडायला चालत नाही?"

"कापायला उघडावं लागत नाही."

मामांनी मशीनच्या पट्टीवर पुस्तक लावून बघितलं. "पानं फार आतबाहेर आहेत रे. सगळी एका रेषेत आणायची तर सात मिलिमीटर जातील. कडेपर्यंत काही काढलेलं असलं तर ते पण जाईल. बघ."

"पोरं मधोमध काढतात, मामा. घर, झाड, सूर्य. कडेला कोण काढतं?"

"तुला ठाऊक. काटकोनात जन्मलेला माणूस तू."

पातं तीन वेळा खाली आलं. बाइंडरने पुस्तक उचललं, अंगठा कडेवरून फिरवला. काचेसारखी कड होती. आपण तिला पहिल्यांदाच काहीतरी असं देतोय, जे फक्त आपल्यालाच देता येतं, असं त्याला वाटलं. संध्याकाळी रद्दीची गाडी आली आणि आठवड्याची कात्रणं पोत्यांतून गेली.

तेराव्या शनिवारी दहाला पाच कमी असताना ठमीची आई मुलीला घेऊन जिन्यापाशी आली. मॅडम आधीच आल्या होत्या. चार वर्षांत नवरा-बायको कोर्टाबाहेर एकमेकांसमोर उभे राहिले नव्हते. ती घराकडे न बघता म्हणाली, "दूध पितच नाही हल्ली, मागे लागू नका." मग जरा थांबून, "त्या पुस्तकासाठी आठवडाभर टेबलाखाली बसायची. मला पण दाखवलं नाही. बाळाने ओढलं तर त्याला फटका मारला तिने. काय एवढं केलंय कोण जाणे. आज येताना रस्ताभर नाचत होती."

बाइंडर म्हणाला, "हो का." त्याचा हात जिन्याच्या कठड्यावर होता. तो त्याने काढला नाही.

वर त्याने छोटी खुर्ची आणून ठेवली होती, एक छोटा कप, ठमीच्या मापाच्या चपला. ठमीने यातलं काही बघितलं नाही. ती सरळ शेल्फपाशी गेली. वस्तू एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडलेल्या होत्या. तिने खोक्याचं घर खाली घेतलं आणि दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"हे लागत नव्हतं."

"आता लागतं. मी बसवलं."

"उघडंच ठेवायचं होतं ते." तिने सुरवंट घेतला, पाय मोजले, ठेवला. बाहुलीकडे बघितलं आणि विचारलं, "ही कुणी केली?"

"तूच की."

"माझी वर बघायची. एका डोळ्याने." मग तिने ओळ पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघितली, घरी पाहुणे आले असताना आपलं माणूस शोधावं तशी. "बरं, ते जाऊ दे. पुस्तक कुठाय?"

त्याने दिलं. तिने ते हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं. कड तिच्या लक्षात आली होती. पण तिने अंगठा लावला आणि पानं फर्रकन सोडली.

पानांच्या उजव्या कोपऱ्यात, बोटभर आत, एक दार होतं. पानामागून पान गेलं तसं दार उघडत गेलं. शेवटच्या पानावर पूर्ण उघडलं. आत कुणी गेलं नाही.

ठमीने पुन्हा सोडली. मग एकेक पान उलटून बघितलं. एका पानाच्या टोकाला पेन्सिलीचा एक हात होता, कोपरापासून पुढचा. एकावर वेणीचं टोक. एकावर काहीतरी, जे नाकही असू शकलं असतं. बाकीची पानं कडेपर्यंत कोरी आणि सरळ होती.

"इथे होती," ती म्हणाली.

"कोण?"

"मुलगी. ती चालत यायची. फर्रकन केलं की. मग दाराशी यायची." तिने बोटाने पानाची कड दाखवली, आणि मग कडेच्या बाहेरची हवा. "इथे."

"मी उघडलं नाही," बाइंडर म्हणाला. "शप्पथ सांगतो, ठमे. एक पान उघडलं नाही. मामांना पण उघडू दिलं नाही."

"माहीत आहे."

खिडकीपाशी मॅडमचं पेन थांबलं होतं.

"मग कडेला कशाला काढलीस गं?" हे त्याने विचारायला नको होतं. ते त्याला विचारता विचारताच कळलं.

"तू कडा बघतोस म्हणून," ठमी म्हणाली.

ती रडली नाही. तिने पुस्तक शेल्फवर, जिथे होतं तिथे, अगदी तसंच उभं ठेवलं. नंतरचे दोन तास ती छोट्या खुर्चीत दप्तर मांडीवर घेऊन बसली. केळं दिलं ते खाल्लं. साल कुठे टाकायची ते विचारलं. बाइंडरने कोरे कागद आणले, खळ आणली, नवी, धारदार कात्री आणली, मॅडमनी मान हलवून परवानगी दिली. ठमीने कात्री हातात घेतली, उघडली, मिटली, आणि म्हणाली, "एक वाजला."

पाऊणच वाजला होता.

ती गेल्यावर तो छापखान्यात गेला. शनिवारी दुपारी मशीन बंद होतं. मामा काही काम नव्हतं तरी बाकावर बसून चहा पीत होते, घरी सुना भांडतात म्हणून. त्यांनी त्याचं तोंड बघितलं. कप खाली ठेवून त्यांनी मशीनखालचा पत्रा ओढून काढला. पत्र्याच्या फटीत अडकलेली कात्रणं पोत्यात जात नाहीत. दोघांनी गुडघ्यावर बसून ती वेचली. पांढरी, गुळगुळीत, चकचकीत, आणि त्यात पिवळट जाडसर पट्ट्या अकरा.

"मी म्हणालो होतो तुला," मामा म्हणाले. मग म्हणाले, "नाही, मी पण नीट नाही म्हणालो. म्हणायला पाहिजे होतं ओरडून."

घरी त्याने पट्ट्या टेबलावर मांडल्या. एकीवर बुटासारखं काही, एकीवर फ्रॉकची अर्धी खालची बाजू, पाचांवर नुसत्या एकेक रेषा. त्याने पुस्तक शेजारी ठेवलं आणि पट्ट्या पानांना लावून बघायला सुरुवात केली. फाटलेलं पान असतं तर जमलं असतं, फाटलेल्याच्या दोन्ही कडा एकमेकींना ओळखतात. पण हे मशीनने कापलेलं होतं. कुठलीही पट्टी कुठल्याही पानाला बरोबर बसत होती. कुठली कुठली, हे पुस्तक आधी उघडून बघितलेला माणूसच सांगू शकला असता.

मुलीला बुधवारी विचारलं. मॅडमच्या केबिनमध्ये, आई-बाप दोघंही नसताना. बाइंडरला तो कागद टाइप होऊन पुढच्या आठवड्यात मिळाला. त्यात असं होतं:

प्रश्न: बाबांकडे शनिवार-रविवार राहायला आवडेल का? उत्तर: (बराच वेळ नाही.) इथे बरं आहे. प्रश्न: बाबा रागावतात का? उत्तर: नाही. प्रश्न: बाबांची भीती वाटते का? उत्तर: नाही. चांगले आहेत. प्रश्न: मग त्यांच्या घरी का नको? उत्तर: तिथे माझं काही नाहीये. प्रश्न: तू केलेल्या वस्तू आहेत ना तिथे? उत्तर: होत्या. प्रश्न: मग? उत्तर: त्यांनी नीट केल्या.

खाली मॅडमची सही होती आणि वर्षभर खोलीतच भेटी चालू ठेवाव्यात अशी शिफारस होती. मॅडमनी त्याला जिन्यात गाठून सांगितलं, "मला याच्याऐवजी दुसरं काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. ती जे म्हणाली तेच लिहावं लागतं."

"बरोबर आहे," बाइंडर म्हणाला. टाइप केलेल्या कागदाचा डावा समास वरून खाली जाताना किंचित आत सरकत होता. ते त्याला दिसलं, आणि दिसल्याबद्दल त्याला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या शनिवारी अकरा वाजता ठमी आली. दप्तर मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. बाइंडरने लिफाफ्यातून अकरा पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "या सापडल्या," तो म्हणाला. "तू सांगितलंस तर लावू या. कुठली कुठे ते तू सांग, चिकटवणार मात्र मी नाही. तूच चिकटव. वाकड्या लाव."

ती उठून टेबलापाशी आली. एक पट्टी तिने उचलली. "हा पाय आहे," ती म्हणाली. दुसरी उचलली, उलटी केली, सुलटी केली. "हे मला पण नाही कळत." मग तिने त्या सगळ्या गोळा करून, टोकं जुळवून, लिफाफ्यात परत घातल्या. "राहू दे."

"दुसरं करू या? जे म्हणशील ते."

ठमीने विचार केला. तिला त्याला नाही म्हणायचं नव्हतं, हे मॅडमना कोपऱ्यातूनही दिसत होतं. तिने एक कोरा कागद घेतला. दप्तरातून फूटपट्टी आणि पेन्सिल काढली. फूटपट्टी आतापर्यंत तिने कधी आणली नव्हती. ती कागदावर ओणवी झाली, जीभ दातांत धरली, आणि कागदाच्या चारी बाजूंनी, कडेपासून दोन बोटं आत, रेघा मारल्या. प्रत्येक रेघ दोनदा मोजली. मधे जो चौकोन उरला तो तळहातापेक्षा थोडासाच मोठा होता.

"एवढं सोडून आतच काढते," ती म्हणाली. "म्हणजे मग तुम्ही कापलंत तरी चालेल."

तिने चौकोनाच्या मधोमध एक घर काढलं, एक झाड, एक सूर्य. मग कागद त्याच्यापुढे सरकवला आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभी राहिली.

बाइंडरचे हात मांडीखाली होते. त्याने बघितलं. चारी रेघा सरळ होत्या. कोपरे काटकोनात होते.